रोज दोनशे पोळ्या लाटते, पण स्वतःला एकही खायची नाही : बेताच्या पैशांत हे पथ्य कसं निभवायचं?

लाटणंवाली (धागाकर्ती)

नमस्कार. तीन वर्षं इथे नुसती वाचक आहे, लिहितेय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात धनकवडीत राहते. सहकारनगरच्या बाजूला एका पोळीभाजी केंद्रात सकाळी साडेसहा ते दोन पोळ्यांचं काम करते. दोन वर्षं पोटाने छळलंय. जेवून तास होत नाही तोच पोट डब्ब होतं, बसल्या जागी साडीची गाठ सैल करावी लागते. कधी चार-चार दिवस साफ होत नाही, तर कधी कामाला निघायच्या आत तीनदा जावं लागतं. केंद्रात आम्हा सात बायकांत बाथरूम एकच, त्यामुळे काय होतं ते सांगत नाही. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे तपासण्या नॉर्मल पण आतडं हळवं, आणि हातात एक कागद दिला. 'लो फॉडमॅप', काही आठवडे पाळा.

कागद इंग्रजीत. मुलगा आठवीत आहे, त्याने वाचून दाखवला. पहिल्याच ओळीत आर्टिचोक, अ‍ॅस्परॅगस आणि लीक खायचे नाहीत. तो म्हणाला, "आई, हे तर तू खातच नाहीस, अर्धं पथ्य झालं की." खूप हसलो. मग पुढच्या ओळी आल्या. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, हरभरा, फ्लॉवर, मटार, सफरचंद, आंबा. मग कोणी हसलं नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. घरात चौघं. मिस्टर टेम्पोवर आहेत, सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे अंडी-मासे घरात नाहीत. किराणा, भाजी, दूध मिळून महिन्याला आठ हजारांवर जाऊ देत नाही. माझं दुपारचं जेवण केंद्रातच व्हायचं, फुकट. दोन पोळ्या, उसळ, असली तर कोशिंबीर. आता ते सगळंच कागदावर फुली मारलेल्या रकान्यात. घाबरून एका दुकानातून 'ग्लूटेन-फ्री' (बिनगव्हाच्या) पिठाचं एक किलोचं पाकीट आणलं, २८० रुपये! घरी कोणी विचारू नये म्हणून किंमतीची पट्टी खरवडून काढली.

चौघांच्या स्वयंपाकात एकटीसाठी वेगळं शिजवायचं, तेही या पैशांत. कोणी केलंय का?


ताटवाटी

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, रोज असे कागद हातात घेऊन बसलेली माणसं बघते. आधी एक सांगा, सिलिअ‍ॅकची (गव्हातलं ग्लूटेन अजिबात न चालण्याचा आजार) टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली का? ती गहू खाणं चालू असतानाच करायची असते. गहू बंद करून महिना-दोन महिने गेले की ती खोटीच नॉर्मल येऊ शकते. आणि वजन आपोआप उतरतंय, संडासवाटे रक्त जातंय, हिमोग्लोबिन कमी आहे, रात्री झोपेतून उठावं लागतंय, यातलं काही असेल तर हा धागा बंद करून पुन्हा डॉक्टरांकडे जा.

तसं नसेल तर ऐका. ही पद्धत ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झाली, म्हणून यादीत तिकडच्या भाज्या. फॉडमॅप म्हणजे काही ठरावीक जातीच्या साखरा. लहान आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत, सोबत पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्या आंबवतात. त्यातून गॅस. ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना तोच गॅस कळा देतो, बाकीच्यांना समजतही नाही.

दोन ते सहा आठवडे सगळं बंद. मग एकेक गोष्ट परत आणून बघायची. यातला दुसरा भाग लोक करतच नाहीत, आणि खरं औषध तिथेच आहे.


लाटणंवाली

टीटीजी झाली, नॉर्मल आली. तेव्हा गहू चालूच होता. वजन उतरलं असतं तर बरंच झालं असतं :)

एक विचारते. दिवसभर पिठात हात असतात, नाकातोंडात पीठ जातं. त्याने बिघडेल का?


ताटवाटी

नाही. तुमची भानगड गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरेशी आहे, आणि ती पोटात किती गेली यावर सगळं ठरतं. हाताला लागलेल्या पिठाने काही होत नाही. सिलिअ‍ॅक असता तर मात्र हे काम सोडा म्हटलं असतं.


तिरकस

आमच्या आजीला कधी आयबीएस झालं नाही. चुलीवरचं खायची, ९१ वर्षं जगली. हल्ली पुण्यात गल्लोगल्ली डॉक्टर आणि गल्लोगल्ली नवे आजार.


मंडईकर

@तिरकस, आमच्या आजीला 'वाताचा त्रास' होता. जन्मभर फ्लॉवर आणि वाटाणा शिवली नाही, कांदाभजी असली की ताट बाजूला करायची. नाव नव्हतं, त्रास होताच.

ताई, आता कामाचं. ज्वारी चालते ना? मग २८० चं पीठ विसरा. मार्केट यार्डात भुसार बाजारात मालदांडी घ्या. मी परवा चांगली टपोरी ५६ ने आणली, दहा किलो. गिरणीत दळणाचे आठ रुपये किलो. एका माणसाला दिवसाला पाव किलो पीठ धरा, महिन्याचं धान्य ४२० आणि दळण ६०. दोघी-तिघींनी मिळून कट्टा घेतलात तर आणखी उतरेल.

भाजीला संध्याकाळी सातनंतर मंडईत या. वाटे लागलेले असतात. गवार-भेंडी-वांग्याचा वाटा सकाळी तीसचा, तो रात्री वीसला देतात. फक्त वांगी दाबून आणि देठ बघून घ्या.


ताटवाटी

ज्वारी, तांदूळ, पोहे, साबुदाणा, बटाटा, पाचही चालतात. भाज्यांत वांगी, भेंडी, गाजर, काकडी, पालक, फरसबी, मुळा, हिरवी सिमला मिरची, थोडा कोबी. पण एका वेळी साधारण वाटीभर. चालणाऱ्या गोष्टीसुद्धा ढिगाने खाल्ल्या की बेरीज होते आणि पोट पुन्हा तसंच. गवार मात्र या काही आठवड्यांत नको. तपासून झाल्यावर बघू.


बावधनचा_बाप

त्या पाकिटाबद्दल बोलायचंय. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, सहा वर्षं असली पाकिटं वाचतोय. ताई, मागची बारीक अक्षरं मुलाकडून वाचून घ्या. बऱ्याच 'ग्लूटेन-फ्री' पिठांत बेसन आणि सोयाबीनचं पीठ असतं, कारण नाहीतर पोळी जुळत नाही. आम्हाला ते चालतं. तुम्हाला हरभरा आणि सोया हेच तर नकोय!


लाटणंवाली

वाचलं आत्ता. तांदूळ, बेसन, सोया पीठ, आणखी काहीतरी डिंक. म्हणजे २८० रुपये देऊन दुखणंच विकत आणलं. चार दिवस तेच खात होते आणि म्हणत होते की पथ्य लागू पडत नाही.

सासूबाईंना त्याची धिरडी करून घातली. त्यांना आवडली.


काकू_सदाशिव

अगं, तू इतकी का घाबरतेस? परवा कांदे नवमी. त्या दिवशी काय ती भजी, भरीत, थालीपीठं खाऊन घे आणि आषाढीपासून चातुर्मास पाळ. आमच्या घरात चार महिने कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. कोणी आजारी म्हणून नव्हे, पद्धत म्हणून. त्या स्वयंपाकात काय कमी असतं सांग बरं?

गोडा मसाला घरी कर, त्यात कांदा-लसूण नसतोच. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग. पावशेर केलास तर तीन महिने पुरतो. भरली वांगी कर दाण्याच्या कुटाची, चिंच-गूळ-गोडा मसाला घालून. कांद्याची आठवण येते का बघ. काकडीची खमंग कोशिंबीर, बटाट्याची उपासाची भाजी, पालकाची ताकातली नको, नुसती दाण्याचं कूट लावून. आलं आणि हिरवी मिरची सढळ हाताने. विकतचा कांदा-लसूण मसाला आणि कुठलाही 'सब्जी मसाला' तेवढा घरातून बाहेर.

आणि एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात ते तुझ्यासाठीच. साबुदाण्याची खिचडी चालते म्हणे ही ताटवाटी. अजून काय हवं?


ताटवाटी

काकू, दंडवत! माझा छापील कागद फाडून तुमचा प्रतिसाद वाटायला हवा. फक्त दोन पुरवण्या. खिचडी एक वाटी, दोन नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आणि दाण्याचं कूट मूठभरापर्यंत ठीक.

बांधणीच्या हिंगात मैदा असतो. फोडणीतल्या चिमटीने ताईंना काही होणार नाही, पण बावधनच्या बाबांनी डबीवरचं वाचूनच घ्यावं.


बावधनचा_बाप

पहिल्या वर्षी तिथेच फसलो होतो. मुलीचं पोट दोन महिने बिघडत होतं आणि आम्ही गिरणीवाल्याशी भांडत होतो. निघाली हिंगाची डबी. आता खडा हिंग.

(अवांतर : गिरणीवाल्याशी भांडणंही चूक नव्हतं. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली की सुरुवातीच्या पिठात गहू मिसळतोच.)


अभ्यासिकेतला

नवी पेठेतून लिहितोय. एमपीएससी, चौथं वर्ष, पुढचं विचारू नका. ताई, माझी चूक करू नका म्हणून सांगतो.

मलाही हेच निघालं होतं. मेसच्या प्रत्येक भाजीत कांदा-लसणाचं वाटण, म्हणून मेस सोडली. खोलीवर राइस कुकर होता. सात महिने दहीभात, बटाटा, पोहे. कोणी सांगितलंच नाही की परत सुरू करायचं असतं. पोट शांत होतं म्हणून मला वाटलं हेच बरोबर. सहा किलो वजन गेलं, अभ्यासिकेत अकरा वाजता झोप यायची, केस गळायला लागले. शेवटी गावी गेलो तर आईने रडून लसणाची चटणी आणि भाकरी खायला लावली. काहीच झालं नाही! सात महिने ज्या लसणाला घाबरून मेसचे पैसे असून बाहेर राहिलो, त्या लसणाने मला काही होतच नव्हतं. माझा शत्रू दूध निघालं. दिवसातून सहा चहा.

आणि रक्त तपासून २०० पदार्थांची 'इन्टॉलरन्स'ची, म्हणजे काय सोसत नाही त्याची, यादी देणारी पॅकेजेस असतात ना, त्यात साडेसात हजार घातले होते. त्या यादीत भात पण लाल होता.


ताटवाटी

त्या आयजीजी तपासण्या, रक्तातल्या एका प्रतिपिंडाच्या. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्या या कामासाठी करू नका असं स्पष्ट सांगितलंय. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही तो पदार्थ नेहमी खाता, एवढंच. महाराष्ट्रात भात लाल येणारच. ताई, तुम्हाला कोणी सुचवलं तर नाही म्हणा आणि त्या पैशांत वर्षाची ज्वारी भरा.


मंडईकर

साडेसात हजारांत १३० किलो बसते. हिशोब केला.


लाटणंवाली

ठरलं. आषाढीपासून सुरू.

पण एक अडचण आहे, हसू नका. मला भाकरी येत नाही. म्हणजे येते, पण कागदाच्या नकाशासारखी. रोज दोनशे पोळ्या लाटते, एकसारख्या, डोळे मिटून. काल चार भाकऱ्या केल्या, तीन तव्यावर टाकताना तुटल्या. आम्ही माहेरचे मावळातले, भात आणि पोळी. लाटणं हातात नसलं की मला सुचत नाही.


काकू_सदाशिव

पीठ किती दिवसांचं? ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो, मग कोणीही थापलं तरी कडा फाटणारच. आठ दिवसांपुरतंच दळून आण. आणि पाणी उकळतं घे.


लाटणंवाली (आषाढी एकादशीनंतर पाचवा दिवस)

सासूबाईंनी शिकवली. त्या करमाळ्याच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. वीस वर्षं माझ्या पोळ्या खाल्ल्या, एकदाही म्हणाल्या नाहीत की मला भाकरी हवी.

मी परातीत पीठ घेतलं, तर त्यांनी परात ओढून घेतली. मधे आळं केलं, उकळतं पाणी ओतलं, उलथन्याच्या टोकाने कालवून तसंच झाकून ठेवलं. मग तळहाताच्या टाचेने इतकं मळलं की मीच म्हटलं, बास की आता. म्हणाल्या, "तुझ्या पोळीला तेल असतंय, हिला फक्त रगडणं असतंय." थापताना हात भाकरीवर दाबायचा नाही, भाकरी हाताखाली फिरत राहिली पाहिजे. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायला लागलं की उलटायची, उशीर केला की तडे जातात. मला ते सुकणं ओळखायला तीन दिवस लागले. वरची चकाकी जाते आणि भाकरी मळकट दिसते, तोच क्षण. काल माझी पहिली फुगली. मुलाने फोटो काढला.

आता गंमत अशी की चातुर्मास असल्यामुळे सासूबाईंनाही कांदा-लसूण नको. म्हणजे वेगळा स्वयंपाक करायचा असेल तर तो मिस्टर आणि मुलासाठी! त्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग मी केंद्रातून त्यांच्यापुरती भाजी आणायला लागले. आमच्या दोघींचं एकाच पातेल्यात होतं.


तिरकस

मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो. भाकरीचं वाचून भूक लागली.


कोथरूडची_माई

डाळीचं काय? अंडी नाहीत, कडधान्य नाही, दूध नाही. ताई दोनशे पोळ्या लाटायला जोर कुठून आणणार? मला ही सगळी पथ्यं यासाठीच पटत नाहीत. कागद देणाऱ्यांना घरी कोण किती राबतं ते माहीत नसतं.


ताटवाटी

माई, मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच हे पथ्य लांबवायचं नसतं.

डाळ पूर्ण बंद नाही. मुगाची डाळ तासभर भिजवून ते पाणी टाकायचं, भरपूर पाण्यात शिजवून वरचंही पाणी टाकायचं. नको असलेल्या साखरा पाण्यात उतरतात आणि पाण्याबरोबर जातात. शिजलेली पाव वाटी एका जेवणाला. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगा. निवळीबरोबर दुधाची बरीचशी साखर निघून जाते, उरलेला चक्का दोन-तीन चमचे भाकरीबरोबर चालतो. निवळी घरच्या कोणाच्याही आमटीत घाला, फुकट घालवू नका. शेंगदाण्याची चटणी रोज, तिळाची एक दिवसाआड. तिळातून कॅल्शियमही मिळतं. दुपारी एक पेरू किंवा पपईची फोड. केळं जरा हिरवट असतानाच, काळे ठिपके आलेलं नको.

साफ होत नसेल तर रात्री चमचाभर इसबगोल आणि वर पेलाभर पाणी. थोडक्यापासून वाढवत न्या.


अभ्यासिकेतला

लसणाची चव हवी असेल तर एक युक्ती. ती साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात लाल करायच्या आणि बाकी काही ओलं घालायच्या आत काढून टाकायच्या. वास पूर्ण उतरतो. पण ते तेल बरणीत भरून ठेवायचं नाही, त्यात विषबाधेचा धोका असतो. रोज ताजं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.


काकू_सदाशिव

चातुर्मासात लसणाचं तेल! तिच्या सासूबाई हा धागा वाचत नाहीत म्हणून बरं.


लाटणंवाली (तिसरा आठवडा)

खरं सांगते, विश्वास बसत नाहीये. दहा दिवसांनी पोट हलकं वाटायला लागलं. साडीची गाठ आता सकाळी बांधली की रात्री सोडते. अगदी सगळं गेलं असं नाही, परवा कोबी जास्त झाला तर संध्याकाळ वाईट गेली. पण सकाळी सहाची बस आता धास्ती न धरता पकडते.

हिशोब लिहून ठेवलाय. ज्वारी आणि दळणाचे मंडईकरांनी सांगितले तेवढेच, ४८० च्या आसपास. पण घरात माझ्या वाटणीचा गहू कमी लागला, ते दोनशे वजा. दाणे आणि तीळ जास्तीचे २५०. इसबगोल ९०. घरात कांदा जवळजवळ आणलाच नाही, तिथे शंभर वाचले. म्हणजे घरखर्चात पाचशे-सव्वापाचशेच वाढले. खरा फटका केंद्रातल्या जेवणाचा. आधी ते फुकट होतं, आता डबा घरून. आणि डबा करायचा म्हणजे पावणेपाचला उठायचं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. केंद्रात सगळ्या जणी गरम उसळ घेऊन बसतात आणि मी थंड भाकरी. एक-दोघी म्हणाल्याही, "मोठी डाएटवाली झालीस." दुखलं ते तेवढंच.

आता घाबरून विचारते. बरं वाटतंय तर असंच चालू ठेवू का? परत गहू कशाला?


अभ्यासिकेतला

ताई, नाही. माझा वरचा प्रतिसाद परत वाचा.


ताटवाटी

याच प्रश्नाची वाट बघत होते. तीन आठवडे पुरेत. आता एका वेळी एकच गट. तीन दिवस वाढत्या प्रमाणात, त्रास झाला की तिथेच थांबायचं. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा गट. बाकी जेवण आत्ता आहे तसंच, नाहीतर कोणी दगा दिला ते कळणार नाही. वहीत लिहा, किती खाल्लं आणि किती वाजता काय झालं. गव्हापासून सुरुवात करा, तुमची अडचण तीच आहे. पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन.


लाटणंवाली (श्रावणाचा मधला आठवडा)

गहू. अर्धी पोळी केंद्रात खाल्ली, माझ्याच हातची. हात थरथरत होता म्हटलं तर खोटं वाटेल. संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने पोटाला हात लावून बघत होते. काही नाही. दुसऱ्या दिवशी एक, काही नाही. तिसऱ्या दिवशी दोन, किंचित जड, बस. चौथ्या दिवशी हौसेने तीन खाल्ल्या, रात्री फुगा. म्हणजे माझी हद्द दोन.

मग कांदा. घरी शक्य नव्हतं, चातुर्मास. सासूबाई म्हणाल्या, "औषध म्हणून खायचा तर खा, पर माझ्या विळीवर नको." म्हणून केंद्रात. पहिल्या दिवशी चमचाभर परतलेला, तास-दोन तास गुडगुड. दुसऱ्या दिवशी दोन चमचे, आणि दुपारी बसमधून मधेच उतरून घरी पळाले. तिसरा दिवस केलाच नाही.

दोन वर्षं मी पोळीला शिव्या देत होते. आणि केंद्राच्या प्रत्येक उसळीत, प्रत्येक भाजीत तळाला कांद्याचं वाटण.


मंडईकर

गव्हाची निर्दोष सुटका! पेढे वाटा. पेढे म्हणजे दूध, ते तपासून झालं का?


लाटणंवाली

दूध झालं. चहातलं चालतं, दोन कप. पेला भरून प्यायले की नाही. लसूण आणि हरभरा गणपतीनंतर. एवढ्यात आणखी प्रयोग नको, घरात उकडीच्या मोदकांची तयारी चाललीय.


कोथरूडची_माई

पण मग जेवणाचं काय झालं? पोळी मिळाली तरी केंद्राची भाजी कांद्याचीच ना?


लाटणंवाली

तेच सांगायचं राहिलं. मी मालकीणबाईंना म्हटलं, श्रावण आहे, सोसायट्यांमधून किती जणी विचारतात, बिनकांद्याची आहे का म्हणून, आणि आपण नाही म्हणून परत पाठवतो. एक पातेलं तसं करून बघू. त्या म्हणाल्या, तू कर, उरलं तर तुझ्या पगारातून. पहिल्या सोमवारी भरली वांगी केली, काकूंच्या सांगण्याप्रमाणे दाण्याचं कूट आणि गोडा मसाला. वीस पाकिटं केली होती, साडेपाचच्या आत संपली. दुसऱ्या सोमवारी बत्तीस. आता ती भाजी रोजची झालीय, आणि दुपारी त्यातली वाटी माझ्या ताटात असते, दोन पोळ्यांबरोबर. जादा दोन तास थांबते त्याचे वेगळे पैसे मिळतात.

ज्या दोघी मला डाएटवाली म्हणत होत्या, त्यातली एक काल हळूच विचारत होती, तो कागद झेरॉक्स करून देशील का.


काकू_सदाशिव

कागद नको देऊस, त्यात आर्टिचोक आहे. हा धागा दे. आणि वांग्यांत चिंच जरा कमी घाल, वीस पाकिटांना लिंबाएवढा गोळा पुरतो.


लाटणंवाली

मी दोन लिंबांएवढा घालत होते! उद्या शेवटचा सोमवार, चाळीस पाकिटांची ऑर्डर आहे. सहा किलो वांगी चिरायला घ्यायचीत, निघते.